शब्दाची किंमत किती लांबवर टिकते?

सिन्नरच्या एका तरुण इंजिनिअरने विचारलं आहे की देशाची आर्थिक प्रगती त्याच्या संस्कृतीवर ठरते का. त्याच्या कंपनीतले वरिष्ठ म्हणतात, जपानी आणि जर्मन मुळातच शिस्तीचे, म्हणून पुढे गेले. आपल्याकडे वेळेची किंमत नाही, सगळा हवाला नशिबावर, म्हणून आपण मागे. त्याला स्वतःचं छोटं मशिन शॉप टाकायचं आहे, तर घरी वडील म्हणतात, "आपल्यात धंदा कोणाच्या रक्तातच नाही." दोन्ही वाक्यं एकच आहेत. एक देशाबद्दल बोललं जातं, दुसरं घराबद्दल.

नाशिक जिल्ह्यात बँकेची शेती आणि लघुउद्योगांची कर्जप्रकरणं तपासण्यात माझी नोकरी गेली. आता शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या हिशोबाच्या कामात मदत करतो. एवढ्या फायली पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे: संस्कृतीचा परिणाम होतो आणि मोठा होतो, पण तो रक्तात, धर्मात किंवा सणावारांत शोधू नये. माणसाचा शब्द किती लांबच्या माणसापर्यंत चालतो आणि कोणाच्या कष्टाला हिशोबात जागा मिळते, या दोन ठिकाणी तो सापडतो. आणि या दोन्ही गोष्टी एका पिढीत बदलू शकतात. मी त्या बदलताना पाहिल्या आहेत.

आधी जपानी-जर्मनांचं बघू. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये मांडलं की युरोपातल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या काटकसरी, कामाला धर्म मानणाऱ्या वृत्तीने भांडवलशाहीला बळ दिलं. पुढे त्यांनी चीन आणि हिंदुस्थानच्या धर्मांवरही लिहिलं. तिथल्या धर्मविचारातून असा उद्योग आपणहून उभा राहणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग जपान, कोरिया, तैवान, सिंगापूर वर आले, तेव्हा लोक म्हणू लागले की हे सगळं कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे! जी शिकवण मागासलेपणाचं कारण होती तीच प्रगतीचं कारण ठरली. शंभर वर्षांपूर्वी जपानला गेलेल्या परदेशी लोकांनी तिथल्या कामगारांना आळशी आणि वेळेबाबत बेफिकीर म्हटल्याच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज प्रवासी जर्मनांबद्दल तसंच लिहीत होते.

कोरियाचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. भाषा एक, पूर्वज एक, खाणं-पिणं एक. १९४५ मध्ये देशाची फाळणी झाली, १९४८ मध्ये दोन सरकारं झाली. आज दक्षिणेत जगाला जहाजं आणि मोबाइल विकणारी अर्थव्यवस्था आहे आणि उत्तरेत धान्याची टंचाई. संस्कृतीवरच सगळं ठरत असतं तर हा फरक पडलाच नसता. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर तीन दशकं वाढीचा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळला, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांचा 'हिंदू वाढीचा दर' हा शब्द रूढ झाला. नंतर परवाने सैल झाले, १९९१ च्या सुधारणा आल्या आणि त्याच माणसांनी, तेच सण साजरे करत, जवळजवळ दुप्पट वेग गाठला.

याचं आपल्या दारातलं उदाहरण ओझर. १९६४ मध्ये तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. त्याआधी निफाड-दिंडोरीतल्या घरांतला दिवस मोटेवर, पाटाच्या पाळीवर आणि बाजाराच्या वारावर चालायचा. सकाळच्या पाळीचा भोंगा, ड्रॉइंगप्रमाणे माप, प्रत्येक भागाच्या तपासणीची सही, हे त्या घरांत कोणालाच माहीत नव्हतं. त्याच घरांतली मुलं आयटीआय करून तिथे लागली आणि त्यांनी लढाऊ विमानं जोडली. पुढे सुखोईसुद्धा इथेच जुळवली गेली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर सातपूर, मग अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आज तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मायक्रॉनमध्ये माप धरणारे सुटे भाग निघतात. शिस्त कारखान्याने शिकवली. उशीर झाला तर पगार कापला जातो आणि माप चुकलं तर माल परत येतो, हे ठामपणे आणि सगळ्यांना सारखं लागू झालं की माणूस वर्षभरात बदलतो. तुझे वरिष्ठ ज्याला जपानी संस्कृती म्हणतात त्यातला मोठा वाटा हा असा आहे.

मग संस्कृतीचं काय उरतं? बरंच उरतं. आता वडिलांच्या वाक्याकडे येतो.

कच्छी पटेल समाजाचा एखादा तरुण लाकडाची वखार टाकायला निघतो, तेव्हा नक्की काय होतं ते सांगतो, कारण अशा फायली मी जवळून पाहिल्या आहेत. तो आधी चार-पाच वर्षं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या वखारीत राबलेला असतो. कुठला साग कसा चिरायचा, कोणता सुतार पैसे बुडवतो, पावसाळ्यात माल किती धरायचा, हे त्याला तिथेच कळतं. वेगळा होताना मामा पहिले दोन ट्रक माल उधारीवर देतो, तीन महिन्यांच्या मुदतीने. दुसरा नातेवाईक जागेचं डिपॉझिट भरतो. बँकेचा नंबर यानंतर लागतो. आणि त्याने पैसे बुडवले तर? कोर्टात कोणी जात नाही, पण गुजरातपासून कर्नाटकापर्यंत समाजात त्याचं नाव खराब होतं, घरात सोयरीक जमणं अवघड होतं. म्हणून तो सहसा बुडवत नाही. यातलं काहीही रक्तातून येत नाही. शिकाऊपणाची जागा, उधारीचा माल आणि शब्द मोडल्याची शिक्षा, या तीन गोष्टी त्याला घरातून मिळतात.

आपल्या शेतकरी घरातल्या मुलाला जमीन मिळते, पण हे तिन्ही मिळत नाही. त्याच्या ओळखीतले सगळे जण त्याच्यासारखेच शेतकरी, त्याच हंगामात पैशाला तंग आणि त्याच हंगामात मोकळे. भाऊबंदकीत बांध कोरण्यावरून तीन पिढ्यांचं वैर असतं, तिथे जामीन कोण राहणार? आणि ज्याच्याकडे जमीनही नाही, त्या दलित किंवा आदिवासी घरातल्या मुलाची अवस्था याहून वाईट. हातात लेथवरच्या टर्निंगचं उत्तम कसब असलेली अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची फाइल अडायची ती एकाच ओळीवर: जामीनदाराचा सात-बारा. २००० पासून तारणाशिवायच्या कर्जांना सरकारी हमीची योजना आहे, पण शाखेतल्या टेबलावर 'आपल्या ओळखीतलं कोणी आहे का?' हा प्रश्न आधी येतो. संस्कृती बँकेच्या आतही असते.

नाशिक शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हा इतिहास आपण माणुसकीच्या अंगाने शिकतो आणि ते योग्यच आहे. पण बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी आहे. याचा हिशोबात अर्थ काय, तर कोणाच्या हातात कोणतं कसब आहे याच्याशी त्याला मिळणाऱ्या कामाचा संबंध राहत नाही, आणि देश आपल्या बुद्धीचा मोठा भाग बाजाराबाहेर ठेवतो. संस्कृतीमुळे देशाचं झालेलं सगळ्यात मोठं आर्थिक नुकसान कोणतं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. आळस नाही, नशीबवाद नाही, हे.

आता विश्वासाचं वर्तुळ मोठं कसं होतं ते द्राक्षात पाहा. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला पूर्वी व्यापारी बागेत येऊन सौदा करायचा. इसार द्यायचा, माल उचलायचा, उरलेले पैसे नंतर. कित्येक बागांचे पैसे असे बुडाले. दिलेला चेक वटत नाही आणि फोन बंद. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की हे ऐकायला मिळतंच. शब्द आपल्या गावापुरता चालतो, परप्रांतातल्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, त्याची ही किंमत. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी बुडव्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा अनेकांनी आपणहून पैसे आणून दिले. माणसं तीच होती. फक्त शब्द मोडल्याचा जाब विचारणारं कोणीतरी उभं राहिलं.

निर्यातीत उलट बाजूने परीक्षा झाली. तिथे विश्वास आपण कमवायचा होता, समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाचा. २००३ च्या सुमारास युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले. मग प्रत्येक बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, प्लॉटला नंबर, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येईल अशी संगणकावरची पद्धत आली. तरीही २०१० मध्ये पुन्हा दणका बसला. क्लोरमेक्वॅट क्लोराइड, ज्याला बागाईतदार लिहोसिन म्हणतात, त्याचे अंश सापडले आणि युरोपातून कंटेनर नाकारले गेले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्या हंगामात इथल्या बागाईतदारांवर आणि निर्यातदारांवर कर्जाचे डोंगर झाले.

त्यानंतर बागांत एक वही आली. ती मी अनेक शेडमध्ये खिळ्याला अडकवलेली पाहिली आहे. तारीख, औषधाचं नाव, बाटलीवरचा बॅच नंबर, एकरी प्रमाण, फवारणीचा ब्लोअर कोणी चालवला, काढणीला किती दिवस राहिले. एका घरात वही सून लिहायची. ती बारावी झालेली. सासरे एकदा फवारणी करून सांगायचे विसरले, तर तिने त्या रकान्यात रेघ मारून समोर 'माहिती नाही' असं लिहिलं, आणि त्या प्लॉटचा माल निर्यातीतून काढून लोकल बाजारात द्यायला लावला. घरात दोन दिवस धुसफूस झाली. पण पुढच्या वर्षी सासऱ्यांनी फवारणीआधी तिला विचारायला सुरुवात केली. ज्या घरात बाईला बागेच्या निर्णयात कोणी विचारत नव्हतं, तिथे एका परदेशी गिऱ्हाइकाच्या अटीमुळे आणि तिच्या अक्षरामुळे कारभार बदलला. संस्कृती बदलली असं मी म्हणतो ते याला.

दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे आणि इतर शेतकऱ्यांनी उभी केलेली सह्याद्री फार्म्स याच पायावर मोठी झाली. एकमेकांशी नातं नसलेल्या हजारो शेतकऱ्यांनी एकाच नावाखाली माल विकायचा, म्हणजे एकाची लबाडी सगळ्यांना बुडवणार. म्हणून नियम कडक, आणि नियम पाळणाऱ्याला दर जास्त. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिथे ३१० कोटी रुपये घातले. एकमेकांवर विश्वास न ठेवणारी माणसं, अशी ज्यांची ख्याती, त्या शेतकऱ्यांच्या कंपनीत.

पाण्याचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. बागलाण-कळवण भागात, मोसम-गिरणेच्या खोऱ्यात, फड पद्धत काही शतकं चालली. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, आणि लाभक्षेत्राचे तीन-चार फड. एका फडात एक पीक. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा सगळ्यांना सारखा. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या गावाने नेमलेले. सरकारी कागदाशिवाय हे चाललं, कारण वाटपाची रचनाच अशी होती की लबाडीत फायदा नव्हता. नंतर वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी वाढल्या, ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. नियम मोडला तशी ती शतकांची 'संस्कृती'ही विरघळली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चांगली संस्कृतीसुद्धा आपोआप टिकत नाही.

उलट ओझरला काय झालं? वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या या भागात पाणी पोहोचतच नव्हतं. वरचे लोक चारी फोडून घ्यायचे, खालच्यांनी आशा सोडली होती. १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था काढल्या. पाणी एकरावर न मोजता घनमीटरवर मोजून घ्यायचं, पट्टी संस्थेने भरायची, आत वाटप आपलं आपण करायचं. मोजून पाणी मिळू लागल्यावर ते वाचवण्यात फायदा दिसला, मग ठिबक आलं, द्राक्ष आलं. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या आणि पूर्ण प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आलं. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्या कायद्याखाली महाराष्ट्रभर संस्था नोंदल्या गेल्या, पण खूपशा कागदावरच राहिल्या. कायदा तोच. फरक एवढाच, की ओझरला नियम येण्याआधी वर्षानुवर्षं माणसं बांधावर बसून बोलली होती. सवय नसताना आलेला नियम कोरडा राहतो आणि नियम नसताना असलेली सवय भावकीच्या बाहेर जात नाही. दोन्ही एकत्र यायला लागतात.

बायकांच्या कष्टाचा उल्लेख वर आला, तो पुढे नेतो. द्राक्षाची विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, पॅकहाऊसमधली निवड आणि भरणी, कांद्याची लागण आणि काढणी: नाशिकच्या शेतीतलं मजुरीचं बहुतेक बारीक काम बायका करतात. सात-बारावर मात्र नाव नसतं, आणि नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, शेतकरी कंपनीचं सभासदत्व नाही. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. लाखांवर बायका आल्या. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन निघालं आणि अनेक गावांत नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. तरी आज वारसनोंदीच्या वेळी बहिणींची हक्कसोडपत्रं होतातच. 'भावाशी संबंध तुटायला नको' म्हणून ती सही होते. इथे संस्कृती कायद्यापेक्षा बळकट आहे हे मी मान्य करतो. पण जिथे बाईच्या नावावर जमीन आली, त्या घरातलं कर्ज लग्नसराईत वळवलं जाण्याचं प्रमाण मला कमी दिसलं, आणि मुलींचं शिक्षण लांबलेलं दिसलं. माझ्या फायलींपुरतं हे निरीक्षण आहे, पण पक्कं आहे.

लग्नखर्चाबद्दल एकच सांगतो. खर्च करणारा बाप मूर्ख नसतो, तो गावातली पत विकत घेत असतो. पत मोजायचा दुसरा मार्ग मिळाला, म्हणजे वेळेत फिटलेलं कर्ज, निर्यातीचा माल, शिकलेली मुलगी, की मांडव आपोआप लहान होतो असं नाही, पण त्यासाठी जमीन गहाण पडत नाही.

आता तुझ्या मशिन शॉपकडे. आपल्या उद्योगात आजची सगळ्यात वाईट सवय उशिरा पैसे देण्याची आहे. मोठी कंपनी वेंडरला १२० दिवस थांबवते, वेंडर जॉबवर्कवाल्याला, तो कामगाराला. सगळे म्हणतात, "आपल्याकडे असंच चालतं." २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगितलं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. कित्येक वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. मग आयकराचा नियम आला: मुदत उलटूनही वर्षअखेर थकलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून तो लागू झाला, आणि ३१ मार्चच्या आधी अकाउंट्स विभागांचे फोन वेंडरांना यायला लागले. काही खरेदीदारांनी लघुउद्योग म्हणून नोंदणी नसलेल्या, म्हणजे या नियमाबाहेरच्या, पुरवठादारांकडे काम वळवलं, हेही झालं. पण 'असंच चालतं' हे हलवता येतं, एवढं तरी सिद्ध झालं.

तेव्हा पहिल्या दिवसापासून उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, कर आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छाप. काम घेताना पैशाची मुदत लेखी घे. सुरुवातीची दोन वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये काढ आणि तिथे मशिनपेक्षा खरेदी, उधारी आणि रिजेक्शन कसं हाताळतात ते जास्त बघ. कच्छी मुलगा मामाकडे जे शिकतो ते तुला तिथे शिकायचं आहे. अंबड-सातपूरच्या उद्योजक संघटनांच्या बैठकांना जात जा, कारण तुझी भावकी आता तिथे आहे. आणि बँकेत जाशील तेव्हा जॉबवर्कच्या ऑर्डरी, जीएसटीची विवरणपत्रं आणि खात्याचा उतारा आधी टेबलावर ठेव. जामीनदार कोण, असं विचारलं तर तारणाशिवायच्या कर्जाच्या हमी योजनेखाली प्रकरण करा असं सांग, आणि नकार मिळाला तर तो लेखी माग.